दारातल्या माणसाची खुर्ची

पहिल्या भेटीत तिने आधी त्याला पाहिलंच नाही. पाहिले ते फक्त त्याचे बूट.

डोळ्यांच्या दवाखान्याच्या नव्या मजल्यावर, अगदी टोकाच्या खोलीत, ती टेबलाखाली पालथी पडून भिंतीतून आलेल्या केबलला टोक बसवत होती. दातांत स्क्रू, केसांत सिमेंटची धूळ. तेवढ्यात दार उघडलं, बूट आत आले आणि फट्‌कन दिवा गेला. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता उजळला.

"बसा हं आजी," वरून एक मऊ आवाज आला. "घाबरायचं काही नाही. हनुवटी इथे टेकवा… आता सगळ्यात वरची ओळ वाचून दाखवा बघू."

खोलीत आजी नव्हत्या. आजोबाही नव्हते. रिकाम्या खुर्चीशी हा माणूस गोडीगुलाबीने बोलत होता. शहाण्या मुलीने अशा वेळी खोकावं, नाहीतर काहीतरी पाडावं. पण तिच्या जिभेला हाड कधी नव्हतंच.

"वरची ओळ दिसत नाही," ती टेबलाखालून म्हणाली. "इथून फक्त तुमच्या बुटाची नाडी दिसतेय… आणि ती सुटलीये."

वर काहीतरी धाडकन आपटलं. दिवा लागला. ती सरपटत बाहेर आली तेव्हा तो भिंतीला पाठ लावून उभा होता आणि त्याचे कान लालेलाल झाले होते.

"मी… सराव करत होतो. आज पहिला दिवस आहे."

"माझाही," ती म्हणाली आणि तोंडातला स्क्रू काढून हसली.

तो डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचा, म्हणून आठवडा उलटायच्या आत तो सगळ्यांचा 'नंबरवाला' झाला. ती मजल्यावरच्या यंत्रांना एकमेकांशी जोडायची, म्हणून ती 'नेटवाली'. आईबापांनी हौसेने ठेवलेली नावं कागदोपत्री राहिली.

आता तिच्या कामाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच घडलं. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. पत्त्यांचे गट करायचे असतात आणि गट ठरावीक मापांचेच मिळतात. तिने नव्या मजल्यासाठी बत्तीस पत्त्यांचा गट घेतला. त्यातला पहिला पत्ता कुणाला देता येत नाही, ते गटाचं स्वतःचं नाव असतं. शेवटचाही देता येत नाही, तो सगळ्यांना एकदम हाक मारायला राखून ठेवलेला असतो. बत्तिसातून दोन गेले, राहिले तीस. मजल्यावर यंत्रं मोजली, तीही नेमकी तीस. तिला इतका आनंद झाला की काय सांगावं.

"तीस यंत्रं, तीस पत्ते," मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या केबिनमध्ये, सगळा स्टाफ जमलेला असताना तिने सांगून टाकलं. "एकही वाया नाही."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. दवाखाना त्यांचा होता आणि कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "बरं," त्या म्हणाल्या. त्यांचं 'बरं' म्हणजे दुसऱ्यांचं 'वा वा' असतं, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. त्या दिवशी ती जमिनीपासून चार बोटं वरून चालत होती.

आणि दुसऱ्याच दिवशी नंबरवाल्याचं यंत्र रुसलं.

त्याने पेशंटचे डोळे तपासायचे, आकडे यंत्रात भरायचे आणि ते आपोआप डॉक्टरीणबाईंच्या स्क्रीनवर उमटायचे, अशी सगळी योजना. पण सकाळी त्याची स्क्रीन नुसती गरगर फिरत राहायची. तो बिचारा काउंटरवर आला. "मॅडम, माझ्याकडे चालत नाहीये."

"बाकी सगळ्यांचं चालतंय," ती म्हणाली. काउंटरवर चारपाच जण होते, ऐकणारे असले की तिला चेव यायचा. "यंत्राला नावं ठेवण्याआधी माणसाने स्वतःची बोटं तपासून घ्यावीत. नाचता येईना, अंगण वाकडं!"

सगळे खो-खो हसले. तोही हसला. फक्त त्याचे कान पुन्हा लाल झाले. तिला तेव्हा वाटलं, कान लाल होणं हा त्याचा स्वभावच असेल.

दुपारी ती त्याच्या खोलीत गेली तर यंत्र सुतासारखं सरळ चालत होतं. तिने दोन बटणं दाबली, मान डोलावली आणि विजयी मुद्रेने निघाली. दुसऱ्या सकाळी पुन्हा बंद. दुपारी पुन्हा चालू. मग हा नेमच पडला. सकाळी फोन वाजायचा. "मॅडम… नंबरवाला बोलतोय. रुसलंय." ती खालच्या मजल्यावरची कामं उरकून दुपारी जायची आणि ती गेली की यंत्र चालायचं. तोवरचे आकडे तो वहीत लिहून ठेवायचा आणि मग यंत्रात भरायचा.

"तुम्ही आलात की याला बरं वाटतं," तो एकदा म्हणाला.

"यंत्राला?"

"…यंत्राला पण."

ती केबलकडे बघत राहिली. केबलला काहीही झालेलं नव्हतं.

एकदा बाहेर पाऊस लागून राहिला होता, पेशंट थोडे होते. त्याने तिला खुर्चीत बसवलं. "इतके दिवस येताय, तुमचे डोळे कधी तपासले नाहीत. बारीक बारीक तारा जोडता, डोळे जपायला हवेत." तिच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवली, डाव्या डोळ्यावर काळं झाकण बसवलं, उजव्यापुढे एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं. "हे बरं… की हे?"

"हे."

"आणि आता… हे, की हे?"

तो इतका जवळ होता की त्याच्या सदऱ्याला येणारा पावसाचा वास तिला कळत होता. खिडकीवर थेंब एकमेकांत मिसळून खाली ओघळत होते. "दोन्ही सारखंच," ती कशीबशी म्हणाली.

"आता उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघा."

"तक्त्याकडे ना?"

"माझ्याकडे. तपासणीचा भाग आहे."

"खरंच?"

"…नाही."

तिने फ्रेम काढायला हवी होती. काढली नाही. एका डोळ्याने ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि दुसऱ्या डोळ्यावरच्या काळ्या झाकणामागे उगीचच हसत राहिली.

असं चाललं होतं. यंत्र रुसत होतं, फोन येत होता. खरं सांगायचं तर फोन यायला उशीर झाला की तिचंच कुठेतरी बिघडायचं.

मग ती दुपार आली. काउंटर जेवणासाठी बंद होतं, पेशंट बसतात तो हॉल रिकामा. दोघं दोन खुर्च्यांवर चहा पीत बसले होते.

"मॅडम, हे पत्ते म्हणजे नक्की काय भानगड असते हो?" त्याने विचारलं.

तिला शिकवायला फार आवडायचं. ती उठलीच. "या हॉलमध्ये बत्तीस खुर्च्या आहेत असं धरा." तिने पहिल्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. "ही पहिली. हिच्यावर गटाची पाटी. इथे कुणी बसायचं नाही." शेवटच्या खुर्चीवर तिने स्वतःची छत्री ठेवली. "ही शेवटची भोंग्याची. इथे निरोप ठेवला की सगळ्यांना एकदम ऐकू जातो. इथेही कुणी बसायचं नाही. मधल्या तीस मोकळ्या. समजलं?"

"समजलं." तो एकेका खुर्चीला हात लावत निघाला. "हे काउंटरवाले बसले… हे औषधवाले… हा कोपऱ्यातला प्रिंटर बसला, कुरकुरत… आणि ही तिसावी माझी." तो ऐटीत बसला. "आता मला डॉक्टरीणबाईंना वरच्या मजल्यावर निरोप पाठवायचाय. कसा पाठवू?"

"दारातल्या माणसाकडे द्यायचा. त्याला राउटर म्हणतात. सगळ्यांचे निरोप त्याच्याच हातून बाहेर जातात, त्याच्याच हातून आत येतात."

"म्हणजे तुम्ही."

"धरा मी." ती हॉलच्या दारात जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "द्या निरोप."

"पण दिवसभर अशा उभ्याच राहणार? बसा ना!" त्याने हात करून जागा दाखवायला मान वळवली आणि हसायला लागला. "अरेच्चा! मॅडम, तुम्हाला खुर्चीच उरली नाही!"

तो हसत होता. त्याच्या लेखी तो खेळ होता. तिच्या मात्र पायाखालची जमीन सरकली.

राउटरलाही त्याच गटातला एक पत्ता लागतो. या विद्येतलं हे अगदी पहिल्या दिवसाचं शिक्षण. तो पत्ता राउटर सगळ्यांच्या आधी स्वतःकडे घेतो, मग उरलेले वाटतो. म्हणजे यंत्रांना तीस नाही, एकोणतीसच. जो सगळ्यांत शेवटी उठेल त्याच्या हाती भोपळा. आणि सगळ्यांत शेवटी कोण उठायचं? पेशंट आधी काउंटरवर, मग औषध घालायला, मग नंबरवाल्याकडे. त्याचं यंत्र रोज शेवटी सुरू व्हायचं. दुपारी काउंटर बंद झालं की पत्ते मोकळे व्हायचे आणि त्याला एक मिळायचा. जेवणानंतर गर्दी ओसरलेली असायची, काउंटरवरचं एक यंत्र कुणी पुन्हा सुरूच करायचं नाही. हा तिचा हातगुण नव्हता. ती यायच्या वेळेला काउंटरवाले जेवायला जात होते, इतकंच.

दहा जण नदी ओलांडतात आणि मोजणारा स्वतःलाच मोजायला विसरतो, ती गोष्ट ऐकून ती लहानपणी पोट धरून हसली होती.

"काय झालं?" त्याने विचारलं. "चेहरा का उतरला?"

सांगायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण डोळ्यांसमोर केबिन उभी राहिली, 'एकही वाया नाही' म्हणणारा स्वतःचाच तोरा ऐकू आला, आणि काउंटरवरचं ते हसू. बोटं तपासा म्हणाली होती ती त्याला.

"काही नाही," ती म्हणाली. "चहा गार झाला."

संध्याकाळी मावशी शिवणयंत्रावर बसली होती. ती मावशीकडेच राहायची. मावशी लोकांचे कपडे शिवायची आणि शिवता शिवता भाचीचं मनही उसवून बघायची.

"मावशी, समजा तू एक फ्रॉक कापलास. मापं सगळी बरोबर. पण शिलाईत जाणारं कापड धरायलाच विसरलीस, तर?"

"माया ठेवायला विसरले म्हणतेस? मी? तीस वर्षांत?" मावशीने पाय थांबवला. "कुणी कापलाय?"

"समजा म्हटलं ना."

"समजा, तर उसवायचा, कापड आणायचं, पुन्हा कापायचा. आणि जिचा फ्रॉक तिला सांगायचं, बाई, चूक झाली, थोडं थांब. लाजेपायी आखूड फ्रॉक पोरीच्या अंगात घालायचा नसतो. काखेत काचतो तिला, तुला काय त्याचं?"

ती रात्री नीट जेवली नाही. उसवायचं म्हणजे मोठा गट घ्यायचा आणि सगळ्या यंत्रांना नवे पत्ते द्यायचे. त्यासाठी मजला अर्धा दिवस बंद ठेवावा लागणार, आणि का म्हणून सगळे विचारणार. आणखी एक गोष्ट होती, तिची तर तिला जास्तच लाज वाटत होती. यंत्र दुरुस्त झालं की फोन बंद होणार होता.

दुसऱ्या सकाळी तिने केलं ते असं: लवकर येऊन कोपऱ्यातल्या प्रिंटरची केबल हळूच उपटली. एक पत्ता मोकळा. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

"आता तुमचं यंत्र कधीही बंद पडणार नाही," तिने नंबरवाल्याला सांगितलं.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"वा… छान," तो म्हणाला. मग भिंगांची पेटी उगाच उघडून पुन्हा बंद केली. "मग मी फोन कशासाठी करायचा?"

ती काहीतरी बोलेल म्हणून तो थांबला होता. ती मान खाली घालून निघून गेली. त्याच्या डोळ्यांना डोळा देणं तिला जमेना.

दोन दिवस तिचा फोन मुका राहिला. तिसऱ्या दिवशी काउंटरवरच्या बाईंच्या लक्षात आलं की प्रिंटर कागदच टाकत नाही. सुटलेली केबल दिसली, त्यांनी ती चांगुलपणाने खोचली आणि कामाला लागल्या. नंबरवाला नंतर आला. यंत्र सुरू केलं. गरगर… गरगर.

ती खालच्या मजल्यावर होती. खिशात फोन वाजला. नाव दिसलं. कुठल्याही इतर दिवशी ती दोन पायऱ्या एकदम चढत गेली असती. आज तिला वर काय झालंय ते न जाताच कळलं होतं. गेलं तर सांगावं लागणार होतं, नाहीतर त्याच्या तोंडावर पुन्हा खोटं बोलावं लागणार होतं. दुपारी आपोआप सुरू होईल, तिने मनाला समजावलं. फोन वाजून वाजून थांबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली, हात काही हलला नाही.

वर हॉल भरलेला होता. दुपारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने आकडे चिठ्ठ्यांवर लिहिले आणि डॉक्टरीणबाईंकडे वर पाठवले. त्या सकाळी एकाच नावाच्या दोन आजी आल्या होत्या. गर्दीत त्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली.

आठवड्याने एकीचा मुलगा दवाखान्यात तरातरा आला. आई नवा चष्मा लावून स्वतःच्याच घराची पायरी उतरायला गेली आणि पायरी होती तिथे तिला दिसलीच नाही. गुडघा फुटला होता. नशीब, हाड शाबूत होतं, आणि दुसऱ्या आजींनी आपला चष्मा अजून नेलेला नव्हता. पण तिने चष्मा काढून ठेवला होता आणि आता ती खोलीबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हती.

नेटवाली केबिनबाहेर उभी होती. दार किलकिलं होतं. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज येत होता, शांत, आणि म्हणूनच भयंकर.

"यंत्र असताना चिठ्ठ्या कशाला?"

"यंत्र बंद होतं," नंबरवाला म्हणाला.

"मग नेटवालीला फोन का नाही केलास?"

ती दाराच्या आणखी जवळ सरकली.

"राहून गेलं, मॅडम. चूक माझी आहे."

"तू अजून कायम झालेला नाहीस, ठाऊक आहे ना? अशा माणसाला मी ठेवू कशी? महिनाअखेरीस दुसरीकडे बघ."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या दारात कळलं. त्याने फोन केला होता. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आणि तो तिला वाचवायला खोटं बोलत होता. आपल्या नाकापायी या माणसाची नोकरी चालली होती.

तिने दार ढकललं.

"त्यांनी फोन केला होता. मी उचलला नाही."

दोघांनी वळून पाहिलं. आता बोलायचं थांबली तर पुन्हा जमणार नाही हे तिला माहीत होतं. "यंत्रात बिघाड नव्हताच कधी. माझं गणित चुकलं होतं. तीस पत्ते तीस यंत्रांना वाटले, राउटरला धरलंच नाही. एकोणतीसच उरतात. त्यांचं यंत्र शेवटी सुरू होतं म्हणून त्यांना मिळत नव्हता. मला… मला कळलं होतं. सांगायची लाज वाटली. म्हणून प्रिंटर काढून ठेवला. आजींच्या गुडघ्याला कारण मी आहे."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तिसातून एक गेला तर एकोणतीस," त्या म्हणाल्या. "हे गणित माझ्या नातवाला येतं. तो पहिलीत आहे."

ती मान खाली घालून उभी राहिली. जमिनीने पोटात घ्यावं असं खरोखर वाटत होतं.

"चुकीचं मला काही नाही. चुका मीही केल्यात, त्याही डोळ्यांच्या. पण कळल्यावर झाकलीस, ते वाईट. उद्या मजला अर्धा दिवस बंद. तुझं काम कर. आणि तोवर काउंटरवर उभं राहून येणाऱ्या प्रत्येक पेशंटला कारण तूच सांगायचं. पाटी लावायची नाही, तोंडाने सांगायचं." मग त्या नंबरवाल्याकडे वळल्या. "तू काही धुतल्या तांदळासारखा नाहीस. चिठ्ठीवर नावापुढे वय लिहायला काय झालं होतं? महिनाअखेरीचं राहू दे. उद्या संध्याकाळी नवा चष्मा घेऊन दोघंही आजींकडे जा."

बाहेर पॅसेजमध्ये ती त्याच्या मागे जवळजवळ धावत गेली. "ऐका ना… थांबा."

तो थांबला. हसला नाही. "फोन का नाही उचललात?"

"लाज वाटली."

"मला वाटलं, तुम्ही उचलत नाही म्हणजे तसंच मोठं काहीतरी कारण असणार." तो खिडकीबाहेर बघत होता. "म्हणून तुमचं नाव घेतलं नाही."

यापेक्षा तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"आणि एक सांगू?" तो म्हणाला. "त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही बोटं तपासा म्हणालात ना… मी घरी जाऊन खरंच बोटांकडे बघत बसलो होतो. वाटलं, आपल्यालाच काही जमत नाही."

तो निघून गेला. तिने तिथेच भिंतीला टेकून डोळे पुसले.

दुसरी सकाळ तिने काउंटरवर काढली. "मजला बंद आहे. माझा हिशेब चुकला म्हणून." कुणी कपाळाला आठ्या घातल्या, कुणी फणकाऱ्याने परत गेलं. एक आजोबा म्हणाले, "अहो, मुलीच्या लग्नात मी पाहुणे मोजले आणि घरचेच विसरलो होतो. बायको अजून ऐकवते." ती ओशाळून हसली. एका बाजूला हात चालू होते: जुना गट काढून चौसष्टचा नवा, प्रत्येक यंत्राला नवा पत्ता. तिने सगळ्यांत आधी राउटरला बसवलं, मग बाकीच्यांना. संपलं तेव्हा निम्मे पत्ते मोकळे राहिले होते. वाया नाही म्हणायचं त्यांना, मावशीच्या भाषेत ती माया होती.

संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता. दोघं एका छत्रीची जागा सोडून दोन छत्र्यांत चालत आजींच्या घरी गेले.

आजी खिडकीशी गुडघ्याला पट्टी बांधून बसल्या होत्या. खोली एवढीशी. एका खुर्चीत आजी, दुसरी त्यांनी नंबरवाल्याला दाखवली. तिसरी नव्हतीच. ती दारातच उभी राहिली, ओल्या छत्रीचं पाणी बाहेर ठिबकत ठेवून. आत पाऊल टाकायचा तिला धीर होत नव्हता.

"आजी, चूक माझी आहे," ती दारातूनच म्हणाली. "यांची नाही. मला माफ करा." आणि सगळं सांगितलं. सकाळपासून कितीदा तरी सांगून झालं होतं, तरी लाज काही कमी झाली नव्हती.

आजी ऐकत राहिल्या. "पत्तेबित्ते मला कळत नाहीत," त्या शेवटी म्हणाल्या. "पण पोरी, तू आत का येत नाहीस?"

तेव्हा तो उठला. त्याने आपली खुर्ची उचलली, दारापर्यंत नेली आणि तिच्या मागे ठेवली.

"बसा," तो म्हणाला.

"अहो, तुम्ही…"

"आधी दारातल्या माणसाची खुर्ची. बाकीचे नंतर." त्याचे कान लाल झाले होते. "तुम्हीच शिकवलंत."

ती मटकन बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. तो शेजारी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. त्याच्या सदऱ्याला पावसाचा वास येत होता.

आजींनी एव्हाना नवा चष्मा स्वतःच डबीतून काढला होता आणि नाकावर चढवला होता. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, पायरीकडे पाहिलं, मग दाराकडे. "हां," त्या म्हणाल्या. "आता सगळं स्पष्ट दिसतंय. अगदी तुमचंसुद्धा." आणि उठून, भिंत न धरता, चहा टाकायला गेल्या.

परतताना छत्री एकच उघडली. कुणाची, ते कुणी विचारलं नाही.

"आणखी एक राहिलंय सांगायचं," ती म्हणाली. "चूक कळली त्या रात्री मला नुसती लाजच नाही वाटली… यंत्र नीट झालं की तुमचा फोन बंद होईल, याची भीतीही वाटली. हे सगळ्यांत वाईट आहे ना?"

तो चालता चालता थांबला. "तुम्हाला माझा फोन हवा होता?"

"रोज."

"मग मी बावळटासारखा यंत्राचं निमित्त का शोधत होतो?" तो हसला, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. "मला तुम्ही आवडता. चुकता, मोठ्याने बोलता, झाकता… आणि मग दार ढकलून आत येता. मला ती दार ढकलणारी फार आवडते."

"पुन्हा कधी हसणार नाही तुमच्यावर," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर तर नाहीच."

"एकांतात हसा. चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खालच्या मजल्यावर शिडीवर चढून केबल ओढत होती. खिशात फोन वाजला. तिने नाव पाहिलं. चौसष्टचा गट, एवढी मोकळी जागा, तरी? पुन्हा काय चुकलं? कालपर्यंतचा हात तसाच थांबला असता. आज तिने केबल सोडून दिली आणि पहिल्याच घंटीला फोन कानाला लावला.

"मॅडम… नंबरवाला बोलतोय."

"काय झालं? रुसलं का पुन्हा?"

"नाही. सगळं व्यवस्थित चालू आहे," तो म्हणाला. "म्हणूनच फोन केला."